तेल वाढलं

"आई, संपलं म्हण. वाढलं नाही."

गोरक्षनं पुन्हा सांगितलं. मनकर्णा रिकामा तेलाचा डबा हातात धरून चुलीपाशी उभी होती. ठेवणीतलं लुगडं नेसायला लावून पोरानं तिला स्वयंपाकाला उभं केलं होतं, याचाही तिला राग आलाच होता.

गोरक्ष पुण्याला सिनेमाचं शिक्षण घेत होता. वर्गात दाखवायला त्याला एक छोटी जाहिरात करायची होती. बाई डबा उलटा करते, "तेल संपलं" म्हणते, कपाळाला आठ्या घालते आणि मग नवा डबा येतो. तेलाचं नाव त्यानंच बनवलेलं आणि बाईचं काम आईकडे, कारण आई फुकट मिळते. कॅमेरा संध्याकाळच्या एस.टी.नं परत न्यायचा होता. बरीचशी फिल्म या एका शब्दापायी वाया गेली होती, आता जेमतेम एका वेळेपुरती उरली होती. कौलातल्या काचेतून पडलेलं ऊन चुलीवरून भिंतीकडे सरकायला लागलं होतं.

मनकर्णाची माळीवाड्यात खानावळ होती. कारकून आणि कॉलेजची पोरं जेवायला यायची. तिच्या घरात कधी काही संपत नसे. पीठ वाढायचं, मीठ वाढायचं, भाजीसुद्धा वाढायची. "भाजी वाढली" ऐकून नवा माणूस ताट पुढे करायचा आणि जुने खो खो हसायचे. ती मात्र हसायची नाही. संपलं म्हटलं की तो शब्द घरातलं काहीतरी घेऊन जातो, अशी तिची खात्री होती. आणि सध्या आतल्या खोलीत खाटेवर रंगनाथ पडून होता. तिचा नवरा जन्मभर दुसऱ्याच्या पिठाच्या गिरणीवर उभा राहिला आणि छातीत पीठ भरून घेऊन घरी आला. डॉक्टर आता औषधसुद्धा बदलत नव्हते.

"आवाज नंतर भरायचाय ना? मग मी वाढलं म्हनते. तू माघारी काय बी भर."

"ओठ जुळणार नाहीत. 'प'ला ओठ मिटतात, आई."

"मास्तरला सांग, आमच्यात न्हाई म्हनत."

"ते विचारतील, तेल वाढलं तर नवा डबा कशाला आणला?" गोरक्षचा आवाज चढला. "ऊन चाललंय. हे झालं नाही तर माझं वर्ष जाईल. एक शब्द आहे नुसता."

"आत तुझा बाप निजलाय," ती हळूच म्हणाली.

बाप निजलेला नव्हता. आतून खोकल्याची ढास आली, ती ओसरल्यावर रंगनाथ म्हणाला, "म्हन की गं. मी काय डब्यातलं तेल हाय व्हय?"

"तुमी गप पडा."

"पोराचं वरीस जाईल. म्हन."

मनकर्णानं उन्हाकडे पाहिलं, मग पोराकडे. तिला त्याची कीव आली.

"मग कान झाका," ती आत बघून म्हणाली. "दोनी हातांनी. मी सांगस्तवर काढू नका."

"झाकले बघ."

गोरक्षनं कॅमेऱ्याला चावी दिली. घरघर सुरू झाली. मनकर्णानं डबा उलटा केला. एक थेंब काठावर आला आणि तिथंच राहिला.

"तेल संपलं," ती म्हणाली.

ओठ बरोबर मिटले, बरोबर उघडले. आठ्या मात्र पडल्या नाहीत. तिचा चेहरा असा झाला की तो बघून कोणी तेल विकत घेतलं नसतं. गोरक्षला ते दिसत होतं. तरी त्यानं कॅमेरा डोळ्यापासून हलवला नाही. चावी उतरली आणि घरघर थांबली.

"आवं, काढा हात," मनकर्णानं आवाज दिला.

आतून उत्तर आलं नाही.

"आवं."

खोकलाही आला नाही. डबा तिच्या हातातून पडून घरंगळत गेला. उंबऱ्यात पाय अडखळला तरी ती थांबली नाही. रंगनाथनं गोधडी डोक्यावरून घेतली होती. तिनं ती ओढली.

दोन्ही कान घट्ट दाबून, डोळे मिटून तो पडला होता. सांगितलेलं चोख करत होता. उजेड आला तसे त्यानं डोळे उघडले.

"झालं?" त्यानं विचारलं, कान झाकलेले असल्यानं जरा मोठ्यानंच.

तोच शब्द तिच्याही ओठांवर आला होता. तिनं तो गिळला.

"चित्र काढून घेतलं पोरानं," ती म्हणाली. मग खाटेच्या कडेवर बसून तिनं त्याचे हात कानांवरून काढले, आधी एक, मग दुसरा.