एका शेगडीवरची दोन जेवणं

मी शेगडी बोलतेय. कुमासी शहरातली, पत्र्याची, तीन पायांची. त्यातला एक पाय आता वाकलाय. मोडीत निघालेल्या लॉरीच्या पत्र्यातून मला ठोकून घडवलं आणि मी आलेही लॉरी ड्रायव्हर क्वाबेना असियामांच्या घरी. वीस वर्षं झाली. दमले हो आता.

क्वाबेनांना साखरेचा आजार जडला. पायाच्या बोटाला झालेली जखम काही केल्या भरेना. डॉक्टरांनी फुफू बंद केला. कसावा आणि कच्ची केळी उकडून उखळात कांडलेला तो मऊ गोळा सारासोबत पोटात गेला नाही, तर इथल्या माणसाला जेवल्यासारखं वाटतच नाही.

मग त्यांची बायको अफुआ भाज्या भाजू लागली. पांढरी वांगी उभी चिरलेली, भेंडी अख्खी, कोबीच्या जाड फोडी. आलं, लाल मिरची, मीठ आणि थोडं शेंगदाण्याचं कूट चोळून ती सगळं माझ्या जाळीवर मांडायची. वास असा सुटायचा की शेजारपाजारचे माना वळवायचे. पण भांडं एकट्या क्वाबेनांचं. बाकीचं घर एका मोठ्या भांड्याभोवती जेवायचं आणि क्वाबेना एकटे खांबाआड.

"हे तर तोंडी लावणं," ते म्हणायचे, "मग जेवण कुठंय?"

अंगणापलीकडे त्यांची थोरली बहीण याआ पोकुआ राहायची. घर आईकडून लेकीकडे आलेलं, त्यामुळे तिथं शब्द पोकुआचाच. ही बाई माझ्या भावाला पाला खायला घालून मारणार, असं ती अंगणभर ऐकवायची. दुपारी अफुआ बाजारात माल विकायला गेली की पोकुआ मला विस्तवासकट उचलून न्यायची. माझ्यावर सार गरम व्हायचं, फुफूचा गोळा वाढला जायचा. भाऊ मुकाट्यानं गिळायचा. अफुआ परतायच्या आत मी पुन्हा जागेवर.

साखर काही उतरेना. अफुआला वाटलं, आपलंच चुकतंय. तिनं कूट बंद केलं, मग स्वतःही फुफू सोडला. एकदा माझ्या कडेला सांडलेलं सार तिनं बोटावर घेऊन हुंगून पाहिलं. पण थोरल्या नणंदेला विचारायचं कसं? आणि मी काय सांगणार? मला तोंड आहे ते कोळशापुरतं.

शेवटी क्वाबेनांच्या पायाची दोन बोटं कापावी लागली.

घरी आल्यावर ते म्हणाले, "अफुआ, तुझं काही चुकत नव्हतं. मी चोरून खात होतो."

"मी वाढत होते," दारातून पोकुआ म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिचं उखळ वाजलं नाही. ती टोपलीभर वांगी घेऊन माझ्याशेजारी येऊन बसली. मीठ किती लावतेस, म्हणून तिनं विचारलं. अफुआनं हातातला चिमटा खाली ठेवला. मला वाटलं, आता ही उठून जाणार.

"आक्का, आधी निखाऱ्यांवर राख चढू दे," ती म्हणाली. "नाहीतर करपतील."

तरी पोकुआनं चार करपवलीच. ती सगळ्यांनी मोठ्या भांड्यातून खाल्ली. क्वाबेनाही तिथंच बसले होते.

आता माझं बूड झिजलंय, राख खाली गळते. भंगारात घातलंत तरी माझी तक्रार नाही. एवढंच करा, घरात कुणाला पथ्य लागलं तर त्याला एकट्याला वाढू नका. आमच्याकडे सगळे एका भांड्याशी बसले खरे, पण दोन बोटं गेल्यावर.