धुराड्याची जागा

“मामा, हे घर पाडणार कधी?” शिवांजलीने विचारलं, आणि आकाराम हवालदाराचा चहा बशीतच राहिला.

घर अजून पुरतं उभंही नव्हतं. भिंती वर आल्या होत्या, सळ्या बांधून झाल्या होत्या, उद्या स्लॅब टाकायचा होता. आणि भाची विचारते पाडणार कधी! बोलली ती रंगूबाई, त्याची बायको.

“पोरी, वास्तू तथास्तु म्हनती. हितं बसून असं बोलू न्हाई.”

शिवांजली ओशाळली. सांगलीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती ती. तिला कॉलेजात एक काम दिलं होतं: एका घरापायी हवेत किती धूर जातो त्याचा अंदाज काढायचा. वीट भाजताना, सिमेंट होताना, ट्रक माल आणताना, मग माणसं राहतात तेव्हा, आणि शेवटी घर पाडून राडारोडा उचलताना. माणसाची पत्रिका मांडतात तशीच ही घराची, असं तिने समजावून सांगितलं तेव्हा हवालदार खुलला. आपल्या घराची पत्रिका सांगलीला मांडली जाणार, म्हणजे काही थोडंथोडकं नव्हतं. त्याने मोठ्या मनाने घराला पन्नास वर्षं आयुष्य देऊन टाकलं.

त्र्याण्णव सालच्या भूकंपाने लातूरकडची मातीची घरं गिळली, तेव्हापासून त्याने स्लॅबचा ध्यास घेतला होता. पेन्शनीचा पैसा त्याने या घरात ओतला होता. त्यामुळे विटा मलकापूरच्या भट्टीवरून किती आल्या, वाळू नदीवरून किती, सगळं त्याच्या जिभेवर होतं. भाची विचारत गेली, तो सांगत गेला.

“आणि मामा, स्वयंपाक कशावर?”

“गॅस,” हवालदार म्हणाला. “गॅस लिव्ह.”

शेजारच्या छपरातल्या चुलीपुढे बसलेल्या रंगूबाईने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

गॅसचा नंबर लावला होता खरा, कऱ्हाडला, फौजेतून सुटून आला त्या वर्षी. नंबर तिकडेच होता आणि चूल इकडेच. पण साहेब तपासणीला यायचा म्हटलं की रस्त्याकडेच्या दगडांनाही चुना फासायचा, ही फौजेतली सवय काही त्याची सुटली नव्हती. खोटं बोलतोय असं त्याला वाटलंच नाही. चुना फासतोय एवढंच.

पण त्या चुन्याखाली एक गोष्ट गाडली गेली. नव्या स्वयंपाकघराला धुराडं ठेवा, स्लॅबात पाइपापुरतं भोक सोडा, एवढंच रंगूबाईने मागितलं होतं. उभ्या जन्मात तिने नवऱ्याकडे दुसरं काही मागितल्याचं कुणाला आठवत नव्हतं. पाचट आणि गोवऱ्यांच्या धुरात तिचे डोळे कायमचे लाल झाले होते, आणि खोकला तर घरातलाच एक माणूस असावा इतका अंगवळणी पडला होता. तिच्या नव्हे, हवालदाराच्या. घराची काय कारखान्याची चिमणी करायची आहे का, म्हणून त्याने तिला उडवून लावलं होतं. आता भाचीसमोर गॅस म्हणून बसल्यावर भोक सोडणार तरी कुठल्या तोंडाने? दुसऱ्या दिवशी स्लॅब टाकून झाला, सलग, गुळगुळीत. हवालदाराने पेढे वाटले. रंगूबाईने पेढा घेतला आणि ती पुन्हा चुलीपुढे जाऊन बसली.

तीन आठवड्यांनी शिवांजली हिशेब मांडून आली. सगळ्यात जास्त धूर विटांचा, त्याखालोखाल सिमेंटचा, तिने सांगितलं.

“आणि राहणाऱ्यांचा जवळजवळ नाहीच. फार चांगलं घर आहे मामा.”

रंगूबाई शेजारच्या छपरात भाकरी थापत होती. पिठाचे हात तसेच घेऊन ती दारात आली.

“कुनाचा न्हाई म्हनलीस?”

“घरात राहणाऱ्यांचा, मामी. हवेत जाणारा.”

रंगूबाईला हसू आलं. हसता हसता खोकला आला, आणि तो थांबेना. भिंतीला टेकून ती खाली बसली. शिवांजली पाणी घेऊन धावली.

“बरोबर हाय तुजं,” श्वास मिळाल्यावर ती म्हणाली. “हवंत कुठला जातूय? माज्यातच ऱ्हातोय की सगळा.”

शिवांजलीने छपरातल्या चुलीकडे पाहिलं, मग मामाकडे. गॅस आलेला नाही का, असं तिने चाचरत विचारलं. हवालदाराची मान खाली गेली.

“येनार हाय,” रंगूबाईच म्हणाली. “मामांनी सांगितलंय तसंच ऱ्हाऊ दे.”

तिने दोन शिव्या घातल्या असत्या तरी परवडलं असतं. तिने झाकून घेतलं, आणि तेच हवालदाराला जिव्हारी लागलं. इतकी वर्षं तो खोकला ऐकत आला होता, पण कुणापायी आहे ते त्याला आज कळलं. त्याला स्वतःची लाज वाटली.

“खोड ते, पोरी,” तो म्हणाला. “गॅस न्हाई आला. चूल लिव्ह.”

आणि छन्नी-हातोडा घेऊन तो तडक नव्या घरावर चढला. खालच्या फळ्या निघाल्या होत्या, पण वर मातीची आळी करून पाणी साठवलं होतं, स्लॅब अजून मुरत होता. बाळासो गवंडी मागोमाग धावत आला, नवा स्लॅब फोडू नका म्हणून गयावया करू लागला. हवालदाराने त्याला एवढंच विचारलं, की सळ्यांच्या मधली जागा नेमकी कुठं येते. बाळासोने डोक्याला हात लावला आणि जागा दाखवली.

दुपार कलली तेव्हा छन्नी आरपार गेली. आळ्यात उरलेलं गढूळ पाणी खालच्या कोऱ्या स्वयंपाकघरात गळलं. ते ऐकून रंगूबाई आत आली. वर, तिच्या चुलीच्या जागेवर, तळहाताएवढं आभाळ दिसत होतं, आणि त्यात घामाने निथळलेला, सिमेंटने पांढरा झालेला नवऱ्याचा अर्धा चेहरा.

“हितंच पायजे हुतं न्हवं?” त्याने वरून विचारलं.

“व्हय. हितंच,” ती म्हणाली.

चूल अजून मांडायची होती. धूर कुठेच नव्हता. तरी तिने सवयीने पदर घेऊन डोळे पुसले.