उजवीकडचा काटा

गंगाधरकाकांनी सीटखालून ओढलेली लाल तार दातांनी सोलली, तिचं टोक बॅटरीजवळ नेलं आणि हात तसाच थांबवला.

"काटा खोटं बोलेल, सूनबाई."

दर्शनाने मानसीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. भोईवाड्यातल्या त्यांच्या गॅरेजात ऑक्टोबरची दुपार तापली होती. स्टुलावर विजेवर गरम होणारं जाड काळं जॅकेट पडलं होतं, त्याच्या बाह्यांना जोडलेल्या हातमोज्यांसकट.

"खोटं कुठे काका, गप्प बसेल नुसता," ती हसून म्हणाली.

मोटारसायकल तिच्या सासऱ्यांची, दगडूअण्णांची. ते गिरणीत होते तेव्हा घेतलेली. हेडलाइटच्या डोक्यावर एक गोल तबकडी, तिच्यात काटा. काटा उजवीकडे म्हणजे बॅटरी भरतेय, डावीकडे म्हणजे रिकामी होतेय. अण्णांनी लेकाला, अजितला, टाकीवर बसवून गाडी शिकवली तेव्हापासून घरात नियम एकच होता: काटा डावीकडे गेला की जे चालू असेल ते बंद करायचं. अण्णा जाऊन सहा वर्षं झाली, पण लालबागच्या सिग्नलला अजित अजूनही आधी काट्याकडे बघायचा आणि मग दिव्याकडे.

काका हिशोब करून सांगत होते. जुना डायनामो, हेडलाइट आणि इंजिनाची ठिणगी यांतच त्याचा जीव जातो. जॅकेट त्याच्या ताकदीबाहेरचं. घाटात गाडी हळू चालली तर डायनामो जवळजवळ काहीच देणार नाही. म्हणून तार तबकडीतून न्यावी. जॅकेट लावलं की काटा डावीकडे पडेल, अजित थोडा वेळ ते बंद ठेवेल, थोडा वेळ चालू. गाडीही जगेल, तोही.

पण दर्शना त्याला ओळखून होती. एकदा काटा डावीकडे दिसला की तो जॅकेट बंद करील, आणि पुन्हा चालू करणार नाही. मागच्या जानेवारीत तो महाबळेश्वरहून आला तेव्हा मानसी वीस दिवसांची होती. त्याची बोटं मेणासारखी पांढरी पडली होती. लेकीला घ्यायला त्याने हात पुढे केले आणि परत घेतले. नंतर बराच वेळ तो हात काखेत धरून भिंतीशी बसून राहिला. थंडीत याच्या रक्तवाहिन्या आक्रसतात, जपावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. आणि आता डिसेंबरात त्याला मित्राबरोबर, हितेंद्रबरोबर, स्पितीला जायचं होतं. नको म्हणून झालं होतं. रडून झालं होतं. मग तिने जॅकेट मागवलं.

"थेट बॅटरीला जोडा ना," ती म्हणाली. "म्हणजे काट्याला कळणारच नाही."

"तेच सांगतोय. डायनामो एका बाजूने भरताना काट्याला दिसेल. दुसऱ्या बाजूने जॅकेट पितंय ते दिसणार नाही. हा आपला उजवीकडे बघून खूश. आणि बॅटरी बसली की ठिणगी नाही. ठिणगी नाही तर गाडी आहे तिथे उभी." काकांनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "त्याला सांगशील?"

"सांगते."

काकांनी फ्यूज टाकला आणि तार जोडली.

त्या रविवारी अजितने जॅकेट घालून परळच्या पुलावरून चक्कर मारली. घामाने निथळत वर आला, पण चेहरा लहान मुलासारखा झाला होता. काकांच्या कामावर तो कधी नजर टाकत नसे. अण्णाही टाकत नसत.

"एवढं तापतंय आणि काटा उजवीकडेच," तो म्हणाला. "काकांचा हात बघ."

दर्शना मानसीला पेज भरवत होती. तिने चमचा वाटीच्या कडेला पुसला, पुन्हा पुसला. सांगायचं ते सांगून झालं नाही. नंतर रोज सांगायचं राहिलं. निघायच्या सकाळी तर ओवाळताना त्याने स्वतःच निरांजनावर हात धरून बोटं शेकली आणि म्हणाला, आता यांची काळजी सोड.

हितेंद्रचा फोन आला तेव्हा पाच वाजले होते. सासूबाई, बकुळाबाई, दारात तांदूळ निवडत होत्या. खालच्या अंगणात पोरं उघड्या अंगाने क्रिकेट खेळत होती.

"वहिनी, अजितचा काही फोन?"

"नाही. तुम्ही बरोबर नाही?"

तो नव्हता. नाकोला, उंचावरच्या त्या गावात, त्याचं डोकं धरलं, उलट्या झाल्या, म्हणून तो काल सकाळी एका ट्रकमधून खाली पेओला आला होता. अजित एकटाच पुढे निघाला. कालच दुपारपर्यंत ताबोला पोचायला हवा होता. ज्यांच्याकडे उतरायचं त्यांना हितेंद्रने आत्ता विचारलं, आलेला नाही. चौकीवर सांगितलंय, तिकडून माणसं निघालीत, पण वाटेत बर्फ आहे.

"तुम्ही त्याला जाऊ कसं दिलंत?"



"मी म्हटलं होतं वहिनी. जुनी गाडी, उणे पंधरा, एकटा नको जाऊस. तर मला हाताला धरून गाडीपाशी घेऊन गेला. हेडलाइट चालू, जॅकेट चालू. म्हणतो, काटा बघ. खरंच उजवीकडे होता. मग मी काय बोलणार?"

दर्शना उंबऱ्यावर बसली. हितेंद्र सांगत होता की आपल्याकडचे बरेच रायडर सध्या त्या बाजूला आहेत, मराठी रायडरांच्या ग्रुपवर मेसेज टाका, घरच्यांचा असला की लोक थांबून बघतात. ती हो म्हणाली. फोन ठेवल्यावरही तिने तो कानाशीच धरला होता.

"काय म्हणता तो?" बकुळाबाईंनी विचारलं.

"रेंज नाही म्हणे तिकडे."

सुपात एक खडा सापडला. त्यांनी तो अंगठ्याने बाहेर उडवला.

"कित्याक घाबरतंस? गाडी तेच्या बापाशीची आसा. दगा देवची नाय."

मानसी रांगत येऊन दर्शनाच्या गुडघ्याला धरून उभी राहिली. दर्शनाने तिची बोटं एकेक करून तपासली. गरम होती. मग ती मेसेज लिहायला लागली. गाडीचा रंग, नंबर, जॅकेट, शेवटचं ठिकाण. चार ओळी झाल्या. पुरेशा होत्या. तो ग्रुप गंगाधरकाकांचा मुलगा वाचायचा, हितेंद्र वाचायचा. अजितला रेंज आली तर सगळ्यांत आधी तोच वाचणार होता. तिने पाठवायच्या बटणावर बोट नेलं.

दारातून तांदूळ पाखडल्याचा आवाज येत राहिला. तिने बोट मागे घेतलं आणि पुढे लिहीत गेली.

*नाको ते ताबो या रस्त्यावर तुमच्यापैकी कोणी असाल तर कृपया वाचा. अजित, वय चौतीस, हिरवी जुनी मोटारसायकल, काळं जाड जॅकेट. काल सकाळी नाकोहून एकटा निघाला, अजून पोचलेला नाही. गाडी बंद पडली असेल. कशामुळे ते त्याला कळणार नाही, कारण जॅकेटची तार मी त्याच्या नकळत थेट बॅटरीला जोडून घेतली आहे. चूक त्याची नाही, तार जोडणाऱ्यांचीही नाही. त्यांनी मला सांगितलं होतं. तो भेटला तर गाडी तिथेच सोडायला लावा आणि त्याला तुमच्याबरोबर घ्या. तो ऐकणार नाही. म्हणेल मी ठीक आहे, आताच काटा उजवीकडे होता. तुम्ही त्याचं काही ऐकू नका. हातमोजे काढायला सांगा आणि त्याची बोटं बघा.*