फक्त प्रार्थनेत ठेवा

‘आमेन’ म्हणून सुंदरबाईंनी डोळे उघडले, तर समोरची जागा रिकामी. चटईवर रुपाचं गीतांचं पुस्तक उपडं पडलं होतं आणि बाकीच्या बायका आपापल्या पदराकडे, नखांकडे, पंख्याकडे बघत होत्या. एरवी सुंदरबाईंची प्रार्थना संपली की दोघीतिघी तरी डोळे पुसायच्या. आज कोणी पुसले नाहीत. कामिनीनं मात्र शेजारणीला कोपरानं हळूच ढोसलं, आणि ते सुंदरबाईंना दिसलं.

तशी प्रार्थना झकास झाली होती. नवापूरजवळच्या त्या गावात बुधवारची बायकांची प्रार्थना म्हणजे सुंदरबाई गावित, हे ठरलेलंच. अंगणवाडीतून निवृत्त झाल्यापासून तर त्यांना दुसरं कामच नव्हतं म्हणा ना. घरी सगळे मावची बोलीत बोलायचे, पण हात जोडले की बाईंच्या तोंडून पुस्तकातली मराठी अशी घरंगळत यायची, की पाळकसाहेब एकदा म्हणाले होते, “तुमच्यानंतर प्रार्थना करायची मला भीती वाटते.” हे वाक्य बाईंनी पुढे चार ठिकाणी सांगितलं होतं. नम्रपणे, अर्थातच.

आज त्यांनी म्हटलं होतं, “हे कृपाळू पित्या, आमच्यातली तुझी एक लेक, तिचं नाव तुला ठाऊक आहे, लेकराच्या आकडीला भिऊन शनिवारी डोंगरातल्या भगताकडे गेली. लेकराच्या दंडाला दोरा बांधून आली. पित्या, तिला क्षमा कर. तिचा डळमळता विश्वास बळकट कर.”

नाव घेतलं नव्हतं. पण आकडी येणारं लेकरू गावात एकच होतं.

सोमवारी सकाळी रुपा वसावे त्यांच्या चुलीपुढे येऊन बसली होती. तिशीची पोर, नवरा नवनीत सुरतेला ट्रकवर, महिन्यातून दोनदा येणारा. पाच वर्षांच्या भाविकाला पावसाळ्यापासून आकडी येत होती. नंदुरबारच्या डॉक्टरांचं औषध चालू होतं, तरी येतच होती. रुपानं हातातला चहा प्यायलाच नाही. खाली मान घालून तिनं भगताचं सांगितलं आणि म्हणाली, “मावशी, मी संडेस्कूल घेते. मीच पोरांना शिकवते आणि मीच गेले. कोणाला सांगू नका. फक्त प्रार्थनेत ठेवा.”

“वेडी का काय तू!” सुंदरबाई म्हणाल्या होत्या. “माझ्या पोटातलं ओठावर येतं का कधी?”

बुधवारी घरी गेल्यावर त्यांनी हे सगळं नवऱ्याला सांगितलं. उखा गावित ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसला होता.

“मी नाव घेतलं नाही हो,” बाई म्हणाल्या.

“नाव नाही घेतलं. मग राहिलं काय? आधार नंबर?”

“तिनंच सांगितलं होतं, प्रार्थनेत ठेवा म्हणून.”

“ठेवा म्हणाली ती,” उखा म्हणाला. “वाटा नाही म्हणाली.”

बाईंना राग आला. जन्मात कधी प्रार्थनेला वेळेवर न आलेल्या माणसानं आपल्याला शिकवावं! त्या आत गेल्या आणि भांडी आपटत घासू लागल्या. दोन भांडी झाल्यावर राग उतरला, आणि त्याच्या जागी काय आलं ते त्यांना आवडलं नाही.

रविवारी कळलं की रुपाचा वर्ग काढून घेतलाय. ख्रिस्ती मंडळीचे पंच हेमकांतभाऊ दारातच सांगत होते, “काही दिवस विसावा घेऊ दे तिला.” विसावा! पोरं दुसऱ्या बाईपुढे मुकाट बसली होती. रुपा आलीच नव्हती.

सोमवारी नवापूरच्या बाजारात नंदुरबारची मिरचीवाली भेटली. तिचा मंडळीशी ना संबंध, ना देणंघेणं. मिरची तोलता तोलता ती म्हणाली, “मावशी, ती तुमनी रुपा पोरले भगतकडे लयी गयथी म्हने. खरं शे का?”

“तुला कोणी सांगितलं?”

“बजारमा समदा बोली ऱ्हायनात.”

सुंदरबाईंनी पिशवी उचलली आणि मिरची तिथेच राहिली. बसमध्ये बसल्यावर आठवलं, पण परत जायचं धाडस झालं नाही. बस सुटताना त्या नेहमी डोळे मिटून दोन शब्द म्हणत, घाट असो नसो. त्या दिवशी त्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

खरं तर प्रार्थना बुधवारपासूनच अडत होती. पहाटे चारला त्या उठत, गुडघे टेकत, आणि “हे स्वर्गीय पित्या” एवढं झालं की पुढे काही येत नसे. शब्दांचा तुटवडा नव्हता. शब्द ढिगानं यायचे, आणि प्रत्येकाला वास यायचा. ‘क्षमा कर’ म्हणावं, तर ते बुधवारी म्हटलेलं. ‘तुझी लेक’ म्हणावं, तर तेही. जेवणावरची प्रार्थना त्यांनी उखाकडे ढकलली. त्यानं ताटाकडे बघून “देवा, भाकर दिलीस, बरं झालं” म्हटलं आणि खायला लागला. एरवी बाई त्याला हसल्या असत्या.

“जा की एकदा तिच्याकडे,” तो घास चावत म्हणाला. “देवापुढे काय कुढत बसलीस? त्याची चुगली केलीस का तू?”

पुढच्या बुधवारी, दुपारी साडेतीनला, सुंदरबाई घरातून निघाल्या. वाट प्रार्थनेच्या घराकडेही जायची आणि रुपाच्या घराकडेही. वळणावर कामिनी उभी होती. “येताय ना, बाई?” तिनं विचारलं. “व्हा तुम्ही पुढे,” असं म्हणून बाई दुसऱ्या अंगाला वळल्या.

रुपा ओटीवर बसून तांदूळ निवडत होती. शेजारी गोधडीवर भाविका झोपली होती. रुपाच्या डोळ्यांखाली काळं साचलं होतं.

“या,” ती म्हणाली. ‘मावशी’ म्हणाली नाही.

सुंदरबाई पायरीवरच बसल्या. येताना त्यांनी मनात चांगलं लांबलचक रचलं होतं. ते सगळं गेलं.

“मी तुझी चुगली केली, रुपा.”

रुपाचं बोट तांदळात थांबलं.

“प्रार्थनेच्या नावाखाली केली. चुकून नाही झालं ते. शनिवार, भगत, दोरा, असं एकेक सांगताना सगळ्या कशा गप्प होऊन ऐकतायत हे मला डोळे मिटूनही समजत होतं. मला बरं वाटत होतं तेव्हा. म्हणून मी थांबले नाही.”

आत कुठेतरी कोंबडी कुरकुरत होती. रुपानं सुपातला एक खडा काढून अंगणात टाकला.

“वर्ग गेला त्याचं एवढं नाही,” ती म्हणाली. “पोरं रस्त्यात गाठून गाणी म्हणून दाखवतात मला. नवनीतला फोनवर कोणीतरी सांगितलं, तो दोन दिवस बोलला नाही. आता बोलतो. त्या बुधवारी मी निघून गेले नव्हते. चपला घातल्या आणि खिडकीखाली उभी राहिले.”

“कशाला ग?”

“वाटलं, आता भाविकाचं म्हणतील. एवढं सगळं सांगून झालंच आहे, आता पोरीला बरं कर म्हणतील. माझी अब्रू गेली तर जाऊ दे म्हटलं. तुमचं देव ऐकतो असं सगळे म्हणतात ना.” तिचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. “तुम्ही माझ्यासाठी क्षमा मागितली. माझ्या विश्वासाचं मागितलं. मंडळीचं मागितलं. पाळकसाहेबांच्या गुडघ्याचं पण मागितलं. आणि मग आमेन.”

सुंदरबाईंनी ती प्रार्थना मनात पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून पाहिली. आपली प्रार्थना त्यांना नेहमी आठवायची, ओळ न ओळ. गुडघा होता. पोर नव्हती. ‘लेकराच्या आकडीला भिऊन’ म्हणून जी आली होती, ती तेवढीच.

कान तापले. वय सहासष्ट, आणि वाटलं की ही पायरी फाटावी आणि आपण खाली जावं. चुगली केली हे कबूल करायला त्या आल्या होत्या. त्याच्याखाली हे दडलेलं असेल, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

“भगतानं पहिल्यांदा तिचं नाव विचारलं,” रुपा म्हणाली. टोमणा नव्हता तो. झालं ते सांगत होती. “मग डोक्यावर हात ठेवून बराच वेळ बसला. काही फरक नाही पडला. पण बसला.”

“आता करते ग मी,” सुंदरबाई घाईनं म्हणाल्या आणि त्यांचे हात आपोआप जुळले. “आत्ता करते, तिच्यासाठी...”

“नको.”

रुपानं त्यांच्या जुळलेल्या हातांवर आपला हात ठेवला आणि ते खाली केले, लहान मुलाच्या हातातून विळी काढून घ्यावी तसे.

“आता नको, मावशी. मला ऐकवत नाही.”

प्रार्थना नको असं म्हणणारं माणूस बाईंना आजवर भेटलं नव्हतं. ज्यांच्या घरात येशूचं नाव चालत नाही, असे लोकही आजारपणात ‘करा बाई, तुमचंही करा’ म्हणायचे. त्या उठायला लागल्या. गुडघा दुखला, तरी कण्हल्या नाहीत. कण्हायचा हक्क आपल्याला आज नाही, असं त्यांना वाटलं.

“निघालात?” रुपानं विचारलं. “तुमची प्रार्थनेची वेळ झाली असेल.”

“नाही. तिथे नाही जात.”

रुपा त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं सूप बाजूला सारलं.

“मग बसता का जरा? तीन रात्री डोळ्याला डोळा नाही माझ्या. पण तुम्ही डोळे मिटू नका हां, कधी येईल सांगता येत नाही. आली तर कुशीवर वळवा. तोंडात काही घालायचं नाही, चप्पल हुंगवायची नाही. घड्याळात मिनिटं बघायची. पाच झाली तर मला उठवा.”

एवढं सांगून ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली आणि बोलता बोलताच झोपली.

सुंदरबाई गोधडीजवळ सरकल्या. पोरीचा एक पाय उघडा होता, तो त्यांनी झाकला. दंडावर दोरा नव्हता, नुसती त्याची फिकट रेघ होती. चार वाजले. पलीकडून बायकांचं गाणं ऐकू आलं, कामिनीचा आवाज सगळ्यांत वर. गाणं संपलं, मग कोणीतरी अडखळत प्रार्थना करत असावी, शब्द काही इथवर येत नव्हते.

तेवढ्यात भाविकाची मान ताठ झाली. डोळे वर गेले आणि सगळं अंग हिसके देऊ लागलं.

सुंदरबाईंनी तिला कुशीवर वळवलं. डोक्याखाली पदर घातला. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं: चार वाजून अकरा. “हे स्व...” त्या म्हणाल्या आणि पुढचं आलं नाही. पोरीच्या तोंडाला फेस आला. “भाविका,” त्या म्हणाल्या. “भाविका. ए भाविका. इकडे बघ ना बाळा. भाविका.” चार वाजून बारा झाले. काटा एवढा हळू जातो हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी हात पोरीच्या पाठीवर तसाच ठेवला. “भाविका. मी आहे इथे. भाविका.”

मग अंग सैल पडलं. पोरीनं एक मोठा श्वास घेतला आणि झोपेत जातात तशी शांत झाली.

वळून बघतात तो रुपा उठून बसलेली. किती वेळ बसली होती कोण जाणे.

“किती मिनिटं?”

“दोन. दोनाच्या थोडं वर.”

रुपानं ओल्या फडक्यानं पोरीचं तोंड पुसलं. फडकं पिळलं, पुन्हा पुसलं.

“काही म्हटलंत का, मावशी?”

सुंदरबाईंनी मान खाली घातली. ज्या बाईला गावभर प्रार्थनेला बोलावतात, तिला खोटंही सांगता येईना.

“काही सुचलंच नाही ग मला. तिला नुसत्या हाका मारत बसले.”

रुपानं फडकं बाजूला ठेवलं. पोरीचे कपाळावर चिकटलेले केस ती एकेक करून मागे घेत होती.

“उद्या येता का?” ती म्हणाली. “याच वेळेला.”