कात्री लागलेली शेरवानी

मित्रांनो, मी एक जुनी शेरवानी आहे. परवापर्यंत हे मी अभिमानाने सांगत असे. आता मी शेरवानीच आहे का, याचीही मला खात्री नाही.

लखनौच्या चौक नावाच्या जुन्या बाजारात माझा जन्म झाला. तिथेच रेल्वेत अभियंता असलेल्या नंदकुमारांनी मला स्वतःच्या लग्नासाठी शिवून घेतले. त्यांच्या गावाहून, साताऱ्याहून आलेले पाहुणे नवरदेवाला भेटण्याआधी मला हात लावून पाहत होते. पुढे मात्र मी कपाटात, डांबरगोळ्यांच्या वासात पडून राहिले.

यंदा लेक दीप्तीचे लग्न ठरले. "मी हीच घालणार," नंदकुमार म्हणाले. पण बटणे लागेनात. म्हणून सैल करायला त्यांनी मला मुलाकडे, यशोधनकडे दिले. तो पुरुषांचे कपडे घडवतो. लखनवी चिकनचे भरतकाम केलेल्या हुडी, शेरवानीच्या गळ्याची जॅकेटे, असले काहीतरी.

"झिप लावलीस तर याद राख!" नंदकुमारांनी बजावले.

"बाबा, आप भी ना! सिर्फ सिलाई खोलूँगा," यशोधन हसला.

उसवायच्या जागी त्याने माझ्या दोन्ही बाजूंना खडूची रेघ ओढली आणि फोनवर बोलत तो बाहेर गेला. त्याच्या कारखान्यात खडूची रेघ दिसली की कात्री चालवायची, असा नियम आहे. नियम त्यानेच घातलेला. अनुप नावाच्या कारागिराने तो पाळला. काखेपासून खालपर्यंत थंडगार पाते फिरले. मला ओरडता येत नाही.

"ये क्या किया, यार!" परत आलेला यशोधन किंचाळला.

"भैया, लकीर तो आप ही की थी," अनुप म्हणाला.

तेवढ्यात नंदकुमार आले. टेबलावरचे माझे तुकडे त्यांनी एकेक करून उचलून पाहिले. यशोधनला अनुपकडे बोट दाखवता आले असते. तो म्हणाला, "बाबा, चूक माझी आहे."

कापलेल्या कडा नुसत्या जोडल्या असत्या, तर मी आणखी घट्ट झाले असते. म्हणून यशोधनने दोन्ही बाजूंना ट्रॅकसूटचे काळे, ताणणारे कापड लावले. रेशमाशेजारी ट्रॅकसूट! हा धक्का कात्रीपेक्षा कमी नव्हता. नंदकुमारांनी मला घातले, बटणे लावली आणि हात डोक्यावर नेला.

"अक्षता टाकता येतील," ते कोरडेपणाने म्हणाले. "फोटोत मात्र हात खाली ठेवीन."

मित्रांनो, एवढेच सांगते. जुन्या कपड्याला कात्री लावण्याआधी तो ज्याचा आहे त्याला विचारा. चुकून लागलीच, तर तुकडे लपवू नका. ते त्याच्यासमोर ठेवा आणि तिथेच सुई हातात घ्या.