शेकाचा दिवा

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत पिवळे बल्ब जाऊन एलईडी आले ते माझ्या सासऱ्यांमुळे. श्रीनिवासरावांचं, म्हणजे आमच्या बाबांचं, सारं आयुष्य वीज खात्यात गेलेलं. निवृत्त झाल्यावर ते पिशवी घेऊन घरोघर हिंडू लागले. जुना बल्ब द्या, नवा घ्या. एवढीशी वीज वाचवून काय होतं, असं कुणी म्हटलं की चहा निवेपर्यंत समजावत बसत.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर त्यांना सगळ्यांसमोर सांगायचं होतं, "आपल्या सोसायटीत आता एकही पिवळा दिवा नाही." या एका वाक्यासाठी दुखऱ्या गुडघ्यांनी ते महिनाभर जिने चढत होते.

आदल्या दिवशी समोरच्या श्यामसुंदरकाकांनी त्यांना जिन्यात गाठलं. "आधी स्वतःच्या घरात बघा. रोज सकाळी तुमच्या सूनबाईंच्या खिडकीत सूर्य उगवतो, तो पिवळाच असतो."

हे मला नंतर कळलं. माझ्या तीन महिन्यांच्या मैनाला न्हाऊ घालायला सोजरबाई येतात. न्हाणं झालं की बाळाला शेक हवा. पण फ्लॅटमध्ये शेगडी कुठे पेटवणार? म्हणून टेबललॅम्पमध्ये शंभरचा बल्ब लावून त्याच्या उबेत त्या तिला पायांवर घेऊन बसत. न्हाणं चालू असताना बाबा खोलीकडे फिरकत नसत, त्यामुळे त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. दिवा विसरून चालू राहतो, असंच त्यांना वाटलं. संध्याकाळी मी स्वयंपाकघरात असताना त्यांनी तो बदलूनही टाकला.

सकाळी मैनाचं न्हाणं झालं. सोजरबाईंनी दिवा लावला, हात धरून पाहिला.

"अवो ताई, उजेड लई हाय, पन ऊबच न्हाई यात!"

मैनाची हनुवटी थरथरायला लागली, मग तिनं असा टाहो फोडला की मी तिला पदरात घेऊन छातीशी धरलं. इस्त्रीचा शर्ट घालून खाली निघालेले बाबा दारात आले.

"काय झालं? पडली का?"

"नाही बाबा, गारठलीय. त्या दिव्यावर शेकतो तिला."

ते दिव्याकडे बघत राहिले. "मला विचारायला हवं होतं," एवढंच म्हणाले. भाषणात उंच धरून दाखवायला तो शेवटचा बल्ब त्यांनी रुमालात गुंडाळून खिशात ठेवला होता. तो काढून त्यांनी परत लावला आणि मैनाचं रडणं हुंदक्यांवर येईपर्यंत पाठ करून दारातच उभे राहिले.

झेंडावंदन झाल्यावर श्यामसुंदरकाका वाटच बघत होते. "मग, झाले का सगळे दिवे?"

"नाही. एक राहिलाय. आमच्याच घरात."

"वा! दिव्याखाली अंधार!"

"तसं म्हणा. पण तो उजेडाचा नाही हो, नातीला शेकायचा आहे. तो राहील."

बाबांचं वाक्य राहूनच गेलं. तेवढ्यात महिनाभर 'आमचे सगळे बदललेत' असं दारातूनच सांगणाऱ्या मंदाकिनीकाकू पुढे आल्या. "मग आमचाही एक राहू दे, भावोजी. थंडीत त्याच्या उबेशिवाय विरजण लागत नाही. तोही न्याल म्हणून मी खोटंच सांगत होते. बाकीचे आजच घेऊन जा."

बाबा झेंड्याखालूनच पिशवी आणायला वळले.

आता रोज सकाळी सोजरबाई मैनाला दुपट्यात गुंडाळतात, तेव्हा दाराबाहेरून हाक येते.

"झालं का गं शेकून? मग बंद करा तो!"

दिवा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत ते पेपरही उघडत नाहीत.