कोटाचं वरचं बटण

दुपारचा प्रयोग संपला की संध्याकाळच्या प्रयोगापर्यंत मी कपडेपटातच आडवी होते. डोक्यावर झगे, कोट, शाली टांगलेल्या. खिडकीतून ऊन तिरपं आत येतं, कपडे हलकेच हलत राहतात आणि मला हमखास तेच स्वप्न पडतं. बाबांच्या शब्दकार्डांच्या पेटीतून शब्द एकेक करून बाहेर येतात, उघडेवाघडे, कुडकुडत, आणि मी त्यांच्या अंगावर कपडे चढवत बसते. माप एकाचंही बसत नाही. जाग येते तेव्हा बोटं दुखत असतात.

मी तीस वर्षं नटांना कपडे चढवते. बाबा चाळीस वर्षं जुन्या इंग्रजी शब्दांच्या कोशाचं काम करत होते आणि त्यांच्या वाट्याला आले होते नेसवण्या-सजवण्याचे, सज्ज करण्याचे शब्द. लोक म्हणतात, काय योगायोग! डोंबलाचा योगायोग. आई पहाटेच कामावर जायची, म्हणून शाळेसाठी मला तयार करायचे बाबा, आणि प्रत्येक कपड्याबरोबर एक शब्दही चढवायचे. ‘ड्रेस’ म्हणजे मुळात सरळ करणं, असं म्हणत माझी कॉलर सरळ करायचे. ‘इक्विप’ मुळात जहाजाला लागायचा, प्रवासाआधी त्याची तयारी करायला, असं सांगत पाठीवर दप्तर अडकवायचे. पहिली चार वर्षं मी जहाज होऊनच शाळेत गेले.

चार महिन्यांपूर्वी अर्धांगाच्या झटक्याने बाबांचा उजवा हात लुळा पडला. बोलणं शाबूत राहिलं, पण मागणं बंद झालं. तहान लागली तरी ग्लासाकडे नुसते बघत बसायचे. डाव्या हाताने चढवता येईल असा एक ढगळ झगा त्यांनी शोधून काढला आणि त्यातच दिवस काढू लागले. मी मदतीला पुढे झाले की मान भिंतीकडे. माझा नुसता तिळपापड व्हायचा. ज्या पोरीची नाडी स्वतः बांधली, तिच्याकडे मागायला लाज कसली?

त्यातच ते कार्ड. कोशाच्या शेवटच्या पेटीतलं एकच कार्ड अपुरं राहिलं होतं. शब्द होता ‘डाईट’. पथ्यपाण्याचा नव्हे, आता कुणी वापरत नाही तो जुना, सजवण्याचा. मूळ लॅटिन, अर्थ दुसऱ्याला सांगून लिहवून घेणं. मग रचणं, मग नीट मांडणं, मग सजवणं. या पायऱ्या सगळ्या अभ्यासकांना ठाऊक. पण सांगण्यापासून निघालेला शब्द कपड्यांपाशी का पोचला, हे बाबांना एका ओळीत लिहायचं होतं. अकरा वर्षं ती ओळ सुचत नव्हती. आज चार वाजता पेटी बंद होऊन छापखान्यात जाणार होती. ओळ नसेल तर तेवढी जागा कोरी ठेवूनच कार्ड जाणार.

“कोरं तर कोरं,” बाबा सकाळी म्हणाले. “मी स्वतः देऊन येईन.”

“या झग्यात?”

कोशाचा प्रत्येक खंड त्यांनी आपल्या लांब काळ्या कोटातच नेऊन दिला होता. दुपारी मी तो कोट काढला, झटकला आणि त्यांच्या मागे उभी राहिले. “बाबा, मी आत्ता लेक नाही, कामावर आहे. कपडे चढवताना नटाशी बोलायचं नाही असा आमच्याकडे नियमच आहे.” त्यांनी डावा हात किंचित बाजूला केला. माझ्या हातांना पुढचं आपोआप कळत गेलं. आधी निकामी हाताची बाही, मग दुसरी, मग खांदे, मग खालून वर बटणं. सगळं कसं पाण्याखाली चालल्यासारखं, आवाज न होता.

कार्ड माझ्या पर्समध्ये टाकून आम्ही निघालो. टॅक्सीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं, मी काय करून बसले ते. आमच्या नाटकघरात वरचं बटण कपडे चढवणारीने लावायचं नसतं. ते ज्याचं त्याने लावायचं, नाहीतर भूमिका आमच्याच अंगात राहते म्हणतात. तीस वर्षांच्या सवयीने मी बाबांचं वरचं बटण उघडं सोडलं होतं. आणि ते स्वतःच लावायचं त्यांनी मनावर घेतलं होतं.

बाहेर धुकं होतं. घरं पुसट होत मागे जात होती. शेजारी बाबांची डावी बोटं बटणाशी झटत होती. काजापर्यंत यायचं, निसटायचं, पुन्हा यायचं. माझे हात इतके शिवशिवत होते की मी ते मांडीखाली दाबून बसले. आता मध्ये पडले असते तर ते पुन्हा भिंतीकडे वळले असते, या वेळी कायमचे.

कोशकचेरीच्या दाराशी पोचलो तेव्हा चार वाजायला सहा मिनिटं होती. आतून शिपाई चिकटपट्टी घेऊन डोकावला. “कोशकाका, या ना! छापखान्याची गाडी खाली येऊन थांबलीये.”

बाबा हलले नाहीत. उघड्या गळ्याने ते त्या दारातून आत जाणं शक्य नव्हतं. बटण पुन्हा निसटलं. त्यांच्या कपाळावर घाम होता. मी हात पाठीमागे बांधले आणि जमिनीकडे बघत राहिले. रडू येत होतं, रागही येत होता, त्यांचा, माझा, त्या मेल्या बटणाचा.

“चाराला तीन,” शिपाई हळूच म्हणाला.

बाबांचा हात खाली आला.

“बाळ,” ते म्हणाले, “बटण लाव.”

मी लावलं. एका क्षणाचं काम. तीस वर्षांचा नियम मोडला आणि मला त्याचं काहीही वाटलं नाही. बाबा डोळे मिटून उभे होते. ओठ हलत होते.

“कार्ड काढ. लिही,” ते म्हणाले. “मला तयार कर, असं कुणाला तरी सांगावं लागतं. तिथूनच हा अर्थ आला असावा.”

“असावा, की आला?”

“असावा. मला काय ठाऊक?”

जवळ टेबल नव्हतं. ते स्वतःच वळले. मी कार्ड त्यांच्या पाठीवर ठेवून लिहू लागले. कार्ड हलू नये म्हणून ते ताठ उभे राहिले. इतके सरळ मी त्यांना चार महिन्यांत पाहिलं नव्हतं. माझी अक्षरं मात्र जागोजागी वाकडी झाली.

“ताई, वाजले,” शिपाई म्हणाला.

“आता दार उघड,” बाबा मला म्हणाले. “आणि आत गेल्यावर मला पाणी दे. सकाळपासून तहान लागलीये.”